जुहूची शाकारणी

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उडवलेले छोटे पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. त्या विमानाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या जागेतून ही सेवा चालत होती तिच्याबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही, कारण तिला इमारत म्हणणेच जड जाते. जुहूच्या चिखलट मैदानाच्या कडेला माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, एवढेच टाटांच्या हवाई टपालसेवेचे इथले ठाणे होते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा. पुढे ज्याची एअर इंडिया झाली, त्या धंद्याचे पहिले कार्यालय झावळीच्या छपराखाली उभे होते.

त्या छपराला कमी लेखू नये. झावळ्या विणून केलेल्या झापांच्या एकावर एक चढवलेल्या थरांत हवा अडकून राहते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सावकाश सरकते. छपराचा उतार तीव्र असतो, कडा भिंतीच्या बऱ्याच पुढे येतात, त्यामुळे भिंतीला ऊन लागत नाही. झाप कुजते, वाळवी लागते, उंदीर घुसतात, हेही खरे. म्हणून तर दरवर्षी शाकारणी असायची. चैत्र-वैशाखात, मृग लागायच्या आत, जुनी झापं उतरवायची, वासे-रिपा तपासायच्या, सुंभाच्या गाठी पुन्हा आवळायच्या आणि नवी झापं चढवायची. कौलारू घर असेल तर कौले काढून, फुटकी बाजूला टाकून, पुन्हा रचायची. किनाऱ्यावरचे प्रत्येक घर वर्षातून एकदा ऊन-पावसासाठी नव्याने सज्ज केले जाई. आज ज्याला वास्तुविशारद आणि ऊर्जा-सल्लागार ‘रेट्रोफिट’ म्हणतात, म्हणजे उभ्या इमारतीला न पाडता तिचा उकाडा कमी करणे, त्या कामाला मराठीत हा शब्द केव्हापासून तयार आहे. सिमेंटचा स्लॅब आला तेव्हा लोकांना वाटले की आता शाकारणीची गरज संपली. जुहूच्या व्यापारी इमारतींचा पुढचा इतिहास त्या समजुतीचा इतिहास आहे.

जुहू मुळात साष्टीच्या पश्चिम अंगाला असलेला वाळूचा लांबट, अरुंद पट्टा. ओहोटीला चालत जाता येईल आणि भरतीला पाणी मध्ये येईल असे ते बेट होते. कोळ्यांची वस्ती, माडांच्या वाड्या, माडी काढणारे भंडारी आणि समोर खुला अरबी समुद्र. दुपारनंतर खारा वारा सुटायचा आणि तो अडवायला मध्ये काहीच नव्हते. मुंबईकर जुहूला ‘हवा खायला’ जायचे, हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होता. जमशेटजी टाटांनी १८९०च्या दशकात इथे बंगला बांधला आणि या भागात मोठी वसाहत उभारण्याची योजना आखली. १९०४ साली त्यांच्या निधनानंतर ती मागे पडली. १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यावर गांधीजी हवापालटासाठी जुहूलाच येऊन राहिले. डॉक्टरांनी आणि नेत्यांनी ज्या गावाला औषध मानले, ते औषध म्हणजे तिथला वारा होता.

त्या काळच्या बंगल्यांची ठेवण या वाऱ्याला धरून होती. मंगलोरी कौलांचे उंच छप्पर असे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून ही लाल कौले गलबतांनी कोकण किनाऱ्यावर उतरत होती. छपराखाली पोटमाळ्याची पोकळी, चारही बाजूंना पडवी, खिडक्यांना लाकडी झडपा. झडपेच्या फळ्या तिरक्या केल्या की वारा आत येई आणि ऊन बाहेर राही. पडवी ही खोलीची छत्री होती.

पण जुहूची एक अडचण तेव्हाही होती आणि आजही तीच सगळ्यात अवघड आहे. इथे समुद्र पश्चिमेला आहे आणि मुंबईत सगळ्यात त्रासदायक ऊनही पश्चिमेकडूनच येते. मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मुंबईत शून्य सावली दिवस येतो, त्या दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. डोक्यावरचे ऊन छप्पर खाते, भिंतीवरचा छज्जा त्याला सहज अडवतो. तीन वाजल्यानंतर मात्र सूर्य खाली उतरू लागतो आणि किरणे छज्ज्याच्या खालून, जवळजवळ आडवी, थेट खिडकीत शिरतात. पडवीच्या घराने यावर चिकाचे पडदे सोडून तोड काढली होती. पुढे ज्याला ‘सी-फेसिंग’ खोली म्हणून चढ्या भावाने विकायचे होते, त्याला चिक सोडून समुद्र झाकणे परवडणार नव्हते.

उष्म्याचा आकडाही जुहूच्या शेजारीच नोंदला जातो. सांताक्रूझची वेधशाळा इथून काही किलोमीटरवर आहे. तिथे १४ एप्रिल १९५२ रोजी पारा ४२.२ अंशांवर गेला होता. असे दिवस क्वचित येतात, कारण एरवी समुद्र पारा चढू देत नाही. मुंबईचा त्रास पाऱ्यापेक्षा हवेतल्या ओलाव्याचा असतो. घाम येतो पण वाळत नाही. म्हणूनच नागपूरला किंवा जळगावला जो वाळ्याचा पडदा आणि डेझर्ट कूलर जीव शांत करतो, तो जुहूत निरुपयोगी ठरतो. ओल्या हवेत आणखी पाणी मुरत नाही. इथे फक्त दोन गोष्टी चालतात. अंगावरून वारा जाऊ देणे, किंवा यंत्राने हवेतले पाणी काढून टाकणे. जुहूच्या इमारती पहिल्या वाटेवरून निघाल्या आणि तीसेक वर्षांत दुसऱ्या वाटेवर गेल्या.

यंत्राची वाट फोर्टातून आली. त्याआधी गारवा बोटीने यायचा. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने १८३३ साली अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ कलकत्त्याला पाठवला आणि लवकरच मुंबईतही तो उतरू लागला. फोर्टात त्यासाठी खास बर्फघर बांधले गेले. बर्फाचा हा व्यापार केव्हाच संपला, पण त्याची खूण प्रत्येक एसीच्या बिलावर उरली आहे. दुकानदार ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो तेव्हा तो यंत्राच्या वजनाबद्दल बोलत नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने दिवसभर चालला तर त्याने दीड टन बर्फाचे काम केलेले असते. जुहूतल्या एखाद्या हॉटेलच्या मशीनरूममध्ये शेकडो टनांचे चिलर घुमतात, तेव्हा रोज किती गलबतांचा बर्फ लागला असता याचा हिशेब ज्याने-त्याने करावा.

१९३३ साली कुलाब्याच्या तोंडाशी रीगल चित्रपटगृह सुरू झाले ते पूर्ण वातानुकूलित म्हणून. लोक तिकीट काढून सिनेमाबरोबर गारवाही विकत घेऊ लागले. १९४३ साली ब्लू स्टार आणि १९५४ साली टाटा सन्स व व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून व्होल्टास, अशा दोन मुंबईकर कंपन्यांनी हा धंदा देशभर नेला. उपनगरात वीज पुरवण्यासाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय १९२९ सालीच स्थापन झाली होती. यंत्र आले, वीज आली, आता गिऱ्हाईक हवे होते.

ते गिऱ्हाईक जुहूला मिळाले. १९६२ साली किनाऱ्यावर सन-एन-सँड हॉटेल उभे राहिले. पाठोपाठ सत्तरच्या दशकात हॉलिडे इन आणि पुढे सरकारी हॉटेल कॉर्पोरेशनचे सेंटॉर आले. आत जुहू-विलेपार्ले डेव्हलपमेंट स्कीमचे रस्ते आखले गेले, सहकारी सोसायट्यांचे बंगले आणि तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तळमजल्यावर बँका, दवाखाने, दुकाने आली. सिनेमावाले राहायला आले, मागून त्यांची कार्यालये आली. १९७८च्या नोव्हेंबरमध्ये पृथ्वी थिएटरचा पडदा उघडला, तोवर जुहू हे गावही उरले नव्हते आणि सहलीचे ठिकाणही. तो एक भरगच्च बाजारी पट्टा झाला होता, काँक्रीटचा.

काँक्रीटचा सपाट स्लॅब ही उष्णतेच्या दृष्टीने फार वाईट वस्तू आहे. दुपारच्या उन्हात उघड्या, काळवंडलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. ही उष्णता लगेच खाली येत नाही. जाड थर ओलांडायला तिला काही तास लागतात. म्हणजे कचेरीतला माणूस संध्याकाळी घरी निघाला की स्लॅबची उष्णता खाली पोहोचते. आणि हॉटेलातला पाहुणा नेमका त्याच वेळी खोलीत येतो. वरच्या मजल्यावरच्या खोलीत रात्री अकरा वाजता छताला हात लावून पाहावा, तो कोमट लागतो. एसी त्या कोमट छताशी रात्रभर झगडत राहतो.

मुंबईच्या गवंड्यांनी यावर एक उत्तर शोधले होते, आणि ते उष्णतेसाठी शोधलेच नव्हते. गळती थांबवायची होती. स्लॅबवर विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात बसवून, पाणी तोटीकडे वाहावे असा ढाळ देऊन, वरून गुळगुळीत थर ओढायचा आणि तो ओला असतानाच दोरीने चौकटी मारायच्या, हा कोबा. सरासरी चार-साडेचार इंच जाडीचा हा थर गळती अडवतोच, शिवाय विटांच्या तुकड्यांमुळे उष्णतेला खाली पोहोचायला आणखी वेळ लावतो. त्याच्यावर कोणी फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे आणि चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे पांढऱ्या सिमेंटमध्ये जडवले, त्याला सगळी मुंबई ‘चायना मोझॅक’ म्हणते. कारखान्यात फुटलेला माल, ज्याला दुसरीकडे कचरा म्हणतात, तो गच्चीवर येऊन बसला. चकचकीत पांढरा तुकडा ऊन शोषण्याऐवजी आकाशात परत पाठवतो. ज्याने आयुष्यात कधी परावर्तनाचा गुणांक मोजला नाही अशा कारागिराने शहराच्या छपरांवर काय करून ठेवले आहे, हे समजायला तज्ज्ञांना पुढे बरीच वर्षे लागली. २०१७ सालच्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कमी उताराच्या छपराने किमान साठ टक्के ऊन परतवावे असा दंडक घातला. स्वच्छ पांढरा चायना मोझॅक त्याच दिशेने कधीचा चालत होता.

‘स्वच्छ’ या शब्दावर सगळे अडते. गच्चीवर धूळ बसते, पावसात शेवाळ धरते, कबुतरे असतात, टाक्या गळतात. पाच वर्षे कोणी झाडू मारला नाही तर पांढरी गच्ची राखाडी होते आणि तिचा अर्धा गुण गेलेला असतो. शाकारणी थांबली ती इथे. गळती झाली की सोसायट्यांनी जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा चढवला. एका कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोंहून अधिक भरते. दुसरा-तिसरा थर चढला की जुन्या स्लॅबवर ते ओझे कायमचे बसते. मग आला पत्रा. गच्चीवर लोखंडी सांगाडा आणि त्यावर पन्हाळी पत्रे, ही पावसाळी शेड उपनगरांत सगळीकडे दिसते. ती दिसायला ओबडधोबड असली तरी स्लॅबला सावली देते आणि मधून वारा वाहू देते, म्हणून वरचा मजला खरोखर निवतो. उकाड्याचा विचार न करता बसवलेली ही छत्री जुहूतल्या अनेक सजवलेल्या दर्शनी भिंतींपेक्षा जास्त उपयोगी आहे, असे म्हणायला हरकत नाही.

दर्शनी भिंतींची सजावट १९९१ नंतर जोरात आली. आयातीचे दरवाजे उघडले, काच आणि ॲल्युमिनियमचे पॅनेल सहज मिळू लागले आणि रस्त्यावरच्या प्रत्येक जुन्या इमारतीला नवे तोंड हवेसे झाले. सत्तरच्या दशकातल्या इमारतींना खोल बाल्कन्या होत्या, जाळीच्या भिंती होत्या, प्रत्येक खिडकीवर छज्जा होता. बाल्कनी आत घेतली गेली, जाळी बुजवली, छज्जे कापले किंवा काचेच्या पडद्यामागे लपवले. साध्या एकेरी काचेतून उन्हातल्या उष्णतेचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आत येतो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात दुपारी चारनंतर जे काही घडते ते त्या काचेमुळे घडते. मालकाला वाटते एसी कमी पडतो, तो आणखी एक टन वाढवतो.

जे छज्जे वाचले त्यांचेही काम बदलले. सावलीसाठी बांधलेल्या दोन फुटी छज्ज्यावर एसीचे बाहेरचे यंत्र जाऊन बसले. ते यंत्र खोलीतली उष्णता, वर स्वतःची उष्णता, बरोबर खालच्या किंवा शेजारच्या खिडकीसमोर फेकते. जुहूच्या खाऱ्या हवेत त्याच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांना लवकर गंज चढतो, हवा नीट खेळत नाही, वीज जास्त लागते. छज्ज्याच्या काँक्रीटमधल्या सळ्याही त्याच खाऱ्या हवेने फुगतात आणि तुकडे खाली पडतात. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी अशी तीस-चाळीस यंत्रे सुरू असली की त्या गल्लीत खिडकी उघडायचा विचारच कोणी करत नाही. ज्या गावात लोक हवा खायला येत, तिथे खिडक्या कायमच्या बंद झाल्या.

बाहेरच्या जगात उलटा विचार आधीच सुरू झाला होता. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आणि युरोपात इमारतीच्या कवचाकडे, म्हणजे भिंत-छप्पर-काचेकडे, लोकांचे लक्ष गेले. १९७५ साली अमेरिकी अभियंत्यांच्या ॲश्रे या संघटनेने इमारतींच्या ऊर्जेसाठी मानक काढले. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली आला, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो २००२ साली आणि व्यापारी इमारतींची संहिता २००७ साली. २०१७ च्या सुधारित संहितेनुसार मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात नव्या व्यापारी इमारतीच्या काचेतून, उत्तर बाजू सोडता, उन्हाची फार तर २७ टक्के उष्णता आत यावी अशी अपेक्षा आहे. पण संहितेची नजर शंभर किलोवॅट आणि त्याहून मोठ्या जोडभाराच्या नव्या इमारतींवर आहे. जुहूतली चार मजली, प्रत्येक गाळ्याला वेगळा मीटर असलेली १९७२ सालची इमारत त्या जाळ्यातून सहज निसटते. आणि जुहू अशाच इमारतींनी भरले आहे.

ते तसे का राहिले यालाही कारण आहे. मुंबईत जुनी इमारत तापते, गळते, तडकते, तेव्हा पहिला विचार पुनर्विकासाचा येतो. पाडा आणि उंच बांधा. जुहूत हे सोपे नाही. १९२८ साली सुरू झालेला जुहूचा विमानतळ अजून हेलिकॉप्टरांनी गजबजलेला आहे आणि त्याच्या धावपट्टीच्या रोखावर उंचीची बंधने आहेत. सैन्याच्या वायरलेस केंद्राभोवती १९७६ पासून इमारतींच्या उंचीला सुमारे १५ मीटरची मर्यादा आहे. समुद्राच्या बाजूला १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने चटईक्षेत्राला लगाम घातला. तीन बाजूंनी अडवल्यामुळे शहरात इतरत्र जे केव्हाच पाडले गेले असते ते जुहूत उभे आहे. रहिवाशांच्या दृष्टीने हा मोठा अन्याय आहे, त्यांची तक्रार रास्त आहे आणि तिचा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला आहे. पण निकाल लागेपर्यंत या इमारतींत माणसे काम करणार आहेत, आणि त्यांना उकाडा होणार आहे. पाडणे शक्य नसेल तर शाकारणीच करावी लागते.

तशी ती कशी करावी, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कचे आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या मालकांना जुने चिलर बदलून मोठे बसवायचे होते. अभियंत्यांनी आधी खिडक्या हाती घेतल्या. ६,५१४ खिडक्यांच्या काचा उतरवून इमारतीच्याच एका मजल्यावर कारखाना थाटला, त्याच काचांच्या मध्ये पातळ पडदा आणि वायू भरून त्या पुन्हा बसवल्या. रेडिएटरच्या मागे उष्णता परतवणारे पत्रे लावले, दिवे बदलले. आत येणारी उष्णता इतकी घटली की मोठ्या चिलरची गरजच राहिली नाही. जुन्यांची डागडुजी पुरली. ऊर्जेत ३८ टक्के बचतीचे लक्ष्य त्यांनी धरले होते. यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी कवच, मग यंत्र. मुंबईत बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, कारण यंत्र विकणारा दारात उभा असतो आणि सावली विकणारा कोणी नसतो.

मुंबईत अशी उदाहरणे नाहीत असे नाही. फोर्टातल्या होम स्ट्रीटवरचे गोदरेज भवन १९७२ सालचे. २०१० साली त्याची थंडाव्याची यंत्रणा, दिवे आणि नियंत्रणे बदलली गेली आणि छपरावर हिरवळ लावण्यात आली. या कामाचा अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. सुमारे ५४ लाखांचा खर्च पाच वर्षांच्या आत वसूल होईल असा त्यातला हिशेब आहे. हे जुहूच्या दृष्टीने मोलाचे आहे, कारण वय तेच आणि शहर तेच.

त्याहून जवळचे उदाहरण विलेपार्ल्यात, विमानतळाला लागून आहे. १९९७ साली विठ्ठल कामत यांनी सुरू केलेले ऑर्किड हॉटेल. मराठी वाचकाला ते ‘इडली, ऑर्किड आणि मी’ या पुस्तकामुळे ठाऊक असते. आशियातले पहिले पंचतारांकित ‘इकोटेल’, म्हणजे पर्यावरणस्नेही हॉटेल, म्हणून त्याचे नाव झाले. त्याची दर्शनी भिंत मुद्दाम पुढे-मागे खेळवली आहे, जेणेकरून भिंतीचा एक भाग दुसऱ्यावर सावली धरील. खिडक्यांना तिहेरी काच आहे. ती विमानांचा आवाज अडवते आणि ऊनही. छपरावरचा जलतरण तलाव खालच्या मजल्याला उन्हापासून वाचवतो. खोलीत एक हिरवे बटण आहे, ते दाबले की एसीचे तापमान थोडे वर चढते. पाहुण्याला भाग घ्यायला लावणारी ही युक्ती बरीच आधीची आहे. सरकारने खोलीच्या एसींना कारखान्यातूनच २४ अंशांची मांडणी बंधनकारक केली ती १ जानेवारी २०२० पासून. तापमान एका अंशाने वर ठेवले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे.

जुहूच्या जुन्या इमारतीत मात्र परदेशी पाठ जसाच्या तसा गिरवता येत नाही. थंड देशात उष्णता आणि वाफ आतून बाहेर जाते, म्हणून वाफ अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात. जुहूत वाफ बाहेरून आत येते. तोच पडदा इथे आतून लावला तर ओलावा भिंतीत येऊन त्याच्या मागे अडकतो, प्लास्टर फुगते आणि एका पावसाळ्यात काळी बुरशी दिसू लागते. आतून थर्माकोल आणि जिप्सम बोर्ड ठोकून केलेली कामे याच कारणाने वास मारू लागतात. थर बाहेरून, छपरावरून लावणे बरे. जुना दुहेरी कोबा खरवडून काढला तर शेकडो किलोंचे ओझे उतरते, त्या जागी फोमचा हलका थर आणि वर पातळ कोबा किंवा पांढरा लेप देता येतो. पश्चिमेला उभ्या फळ्या, बांबूचा चिक किंवा वेल चढवायची जाळी काचेच्या बाहेर लावली तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. आतून लावलेला जाड पडदा उष्णता आत आल्यावर तिला भेटतो, तोवर उशीर झालेला असतो. दाराच्या फटी बुजवल्या तरी फरक पडतो, कारण ओल्या हवेतले पाणी काढण्यातच एसीची बरीच ताकद खर्च होते. खाऱ्या हवेत साधे लोखंड टिकत नाही, म्हणून सावलीचा सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, गॅल्व्हनाइज्ड किंवा लाकडाचा करावा लागतो, आणि तिथे खर्च वाढतो.

खर्चाची खरी अडचण मालकीत आहे. हॉटेलला एकच मालक असतो, त्याचा हिशेब सरळ असतो. गाळ्यांच्या इमारतीत गच्ची सोसायटीची, बाहेरची भिंत सगळ्यांची, गाळा एकाचा, गाळ्यात धंदा भाडेकरूचा आणि विजेचे बिलही त्याचेच. गच्ची पांढरी केली तर फायदा वरच्या मजल्याला होतो, वर्गणी मात्र तळमजल्यावरच्या औषधवाल्यानेही द्यायची असते. भाडेकरू तीन वर्षांसाठी आलेला असतो, पाच वर्षांत वसूल होणाऱ्या कामात तो पैसे घालत नाही. मालक बिल भरत नाही, म्हणून त्याला निकड नसते. सर्वसाधारण सभेत विषय दोनदा येतो आणि लिफ्टच्या दुरुस्तीमागे ढकलला जातो. १३ मार्च २०२२ रोजी महापालिकेने जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यात २०५० पर्यंत शहराचे उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे लक्ष्य आहे, २०१९ च्या राष्ट्रीय शीतलीकरण कृती आराखड्यात थंडाव्याची मागणी वीस-पंचवीस टक्क्यांनी घटवण्याचे. ही लक्ष्ये गाठण्याचे काम शेवटी अशा एखाद्या सभेत, वीसेक खुर्च्या मांडलेल्या तळमजल्याच्या पॅसेजमध्ये ठरते. गावात शाकारणीला शेजारी हात लावायला येत, तेव्हा कोणाच्या छपराचा फायदा कोणाला, असा प्रश्न निघत नसे, कारण आज याचे छप्पर तर उद्या त्याचे असे.

जिथे सभेत ठराव होतो तिथे काम मे महिन्यातच सुरू होते, पाऊस यायच्या आत. गच्चीवरच्या टाक्या आणि केबली बाजूला घेतल्या जातात. जुना कोबा फोडून गोण्यांत भरून खाली उतरवला जातो, त्याला आठवडा लागतो. स्लॅबच्या भेगा भरल्या जातात. नवा थर झाल्यावर तोटीचे तोंड बंद करून गच्चीवर घोट्याएवढे पाणी भरून ठेवतात आणि काही दिवस खालच्या मजल्याच्या छताकडे पाहत राहतात. ओल उतरली नाही की पाणी सोडून देतात. मग बायका उकिडव्या बसून पांढऱ्या टाइल्सचे तुकडे एकेक करून ओल्या सिमेंटवर जडवत जातात, डोक्यावर पदर आणि पदरावर टॉवेल. दुपारी बाराच्या सुमारास सावली पायांखाली गोळा होते, पांढऱ्या तुकड्यांवरून ऊन इतके उसळते की डोळे उघडे ठेवता येत नाहीत, म्हणून तेवढा वेळ काम थांबवून सगळ्या टाकीच्या सावलीत बसतात आणि समुद्रावरून वारा सुटायची वाट पाहतात.